माळावरची ओवी, आल्प्सची हाळी

बालाघाटाच्या रांगेमुळे बीड जिल्ह्याचे दोन भाग पडतात. खाली गोदाकाठचं गेवराई-माजलगाव, काळ्या मातीचं. वर पाटोदा, आष्टीकडचा माळ, मुरमाड आणि कमी पावसाचा. इथं पीक बेताचं येतं, पण कुसळी गवत आणि बोरी-बाभळीचा पाला मेंढरांना पुरतो. म्हणून या माळांवर धनगरांचे वाडे पडतात. घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, रात्री मेंढरं कोंडायला वाघर, राखणीला कुत्री. गवत संपलं की वाडा उठतो.

धनगरी गाणं याच जगण्यातून आलं. आरंभी सुंबरान मांडतात, म्हणजे देवांची नावं घेऊन त्यांना आठवतात: बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा. मग ढोलावर ओवी सुरू होते. थोडं गायचं, मग तेच प्रसंग बोलून सांगायचे, पुन्हा गायचं. अशी एकेक कथा रात्र काढते. खंडोबा आणि बानूची कथा घ्या. जेजुरीचा राजा असलेला देव धनगराच्या पोरीसाठी तिच्या वाड्यावर चाकरीला राहतो, मेंढरं धुताना मारतो आणि लग्नाचं वचन घेऊन जिवंत करतो. देवालाही आधी मेंढपाळ व्हावं लागतं, हे मला या कथेचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. बीड शहरालगतच्या टेकडीवर खंडोबाचं जुनं देऊळ आणि उंच दीपमाळा आहेत. तिथं उभं राहिलं की ही कथा शास्त्रीपंडितांची नाही, माळाची आहे, हे पटतं.

हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर महाराष्ट्रात धनगरांबरोबर फिरले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा जर्मन ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध केला. गंमत अशी की जर्मनीच्या शेजारीच, स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये, याच धाटणीचं गाणं आहे. तिथं उन्हाळ्यात गाई उंच कुरणांवर नेतात आणि शरद ऋतूत त्यांना फुलांचे मुकुट, गळ्यात मोठाल्या घंटा घालून वाजतगाजत खाली आणतात. एका डोंगरावरून दुसऱ्यावर पोचावी अशी हाळी द्यायची, तर आवाज छातीतून एकदम वरच्या पट्टीत न्यावा लागतो. त्याचंच गाणं झालं, ते योडेल. मध्य स्वित्झर्लंडच्या कॅथलिक भागात गुराखी संध्याकाळी लाकडी नरसाळं तोंडाला लावून मेरीमातेला आणि संतांना हाका मारतो. जिथवर आवाज जाईल तिथवर माणसं आणि जनावरं सुखरूप राहतील, अशी श्रद्धा. आपल्या सुंबरानाशी याचं नातं मला स्पष्ट दिसतं: रात्र पडायच्या आधी रक्षणकर्त्यांची नावं घ्यायची.

पण हे स्विस गाणं एकदा विरत चाललं होतं. १८०५ साली इंटरलाकेनजवळ उन्स्पुन्नेनला गुराख्यांचा मोठा उत्सव भरवला गेला आणि आल्पहॉर्न या लांबलचक लाकडी शिंगाला नवं आयुष्य मिळालं. १९१० मध्ये योडेल गाणाऱ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. गाणं वाचलं, पण त्याचा बराच भाग मंचावर गेला. खरी राखण झाली ती दुसरीकडे: जनावरं उंच कुरणांवर चारणाऱ्या शेतकऱ्यांना तिथलं सरकार थेट पैसे देतं. चराई टिकली म्हणून घंटा, हाळी, मुकुट टिकले. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं ते केवळ गाण्याला नव्हे, चराईच्या अख्ख्या हंगामाला.

आपण मात्र हे उलट्या टोकाने धरलं आहे. धनगरांच्या गजी नृत्याचे संघ सरकारी सोहळ्यांत नाचतात, रंगीत रुमाल उडतात, टाळ्या पडतात. त्यात वाईट काही नाही. ढोल घुमला की माझंही काळीज हलतं. पण गजी जिथे जन्मली ते गायरान आक्रसत आहे. वनजमिनीवर चराईला बंदी येते, बागायत वाढली की पडीक रान उरत नाही, पोरं शाळा-नोकरीकडे वळतात, आणि ते त्यांच्या हक्काचंच आहे. मेंढ्या घ्यायला सरकारी अनुदान आहे. पण त्या चारायच्या कुठे, याचं उत्तर त्यात नाही. पूर्वी सुगी झाली की शेतकरी स्वतः धनगराला बोलावून मेंढरं रानात बसवी. लेंडीखताच्या बदल्यात धान्य देई. हे देणंघेणं काही गावांत अजून चालतं. त्या गावांच्या शिवारात वाडा उतरतो, आणि वाडा उतरला की ढोलही येतो.