सिंबाला केदारकंठ्याला नेताय?

थंडीची सुट्टी जवळ आली की ग्रुपवर उत्तराखंडच्या केदारकंठ्याचा विषय निघतोच. मग कुणीतरी म्हणतं, ‘सिंबालाही नेऊ या!’ बर्फात लोळणाऱ्या कुत्र्याचं रील भारी दिसतं, मान्य. पण पुण्यात पंख्याखाली झोपणारा सिंबा साडेबारा हजार फुटांवर काय करणार?

समिटसाठी पहाटे अंधारातच निघायचं असतं. तुमच्या बुटांना स्पाइक्स, त्याचे पंजे उघडे. केसाळ कुत्रा असेल तर बोटांमध्ये बर्फाचे गोळे अडकतात, कातडी सोलवटते, तो लंगडायला लागतो. तहान लागली की बर्फच खातो, त्यानं अंग आणखी गार पडतं. कुत्र्याचं नॉर्मल तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस. ते 37 च्या खाली उतरलं की धोका सुरू. आधी तो कुडकुडतो. मग कुडकुडणं थांबतं आणि तुम्हाला वाटतं, चला, बरं वाटतंय त्याला! खरं तर तिथेच प्रकरण हाताबाहेर जायला लागलेलं असतं.

‘दमलो’ म्हणता येत नाही ना त्याला. तुम्ही चालताय तोवर तोही चालणार. आणि तीस किलोचा लॅब्राडोर बर्फातून उचलून खाली कोण आणणार?

पायथ्याच्या सांकरी गावातले झुपकेदार कुत्रे ट्रेकर्सच्या मागे मजेत वर जातात. ते तिथल्याच थंडीत वाढलेले, त्यांची गोष्ट वेगळी. शिवाय हा ट्रेक गोविंद अभयारण्याच्या परिसरातला. पाळीव कुत्र्याकडून डिस्टेंपरसारखा रोग जंगली प्राण्यांना लागू शकतो. तेव्हा तिकिटं काढण्याआधी सिंबाजवळ घरी कोण थांबणार, ते ठरवा.