पोर्ट उघडा, तरी सर्व्हर सापडेना : सीएलडॅप म्हणजे काय?

परवा नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजची लॅब सांभाळणाऱ्या मित्राचा फोन आला. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच.) संस्थेचा मुख्य सर्व्हर नगर शहरात, लॅब तालुक्याच्या गावी. मध्ये नवा फायरवॉल बसला आणि तेव्हापासून नवीन कॉम्प्युटर डोमेनमध्ये घ्यायला गेलं की एकच उत्तर : डोमेन कंट्रोलर सापडत नाही. प्रॅक्टिकल परीक्षा दोन दिवसांवर.

“अरे, ३८९ पोर्ट उघडा आहे. मी स्वतः टेलनेट करून बघितलंय,” तो म्हणाला.

गोम तिथेच होती. टेलनेटने कळतं ते फक्त टीसीपीचं. अडलं होतं यूडीपी.

आधी थोडी ओळख. कुणाचं खातं कुठलं, कोणता प्रिंटर कुणाचा, ही सगळी माहिती संस्थेच्या डिरेक्टरीत असते. ती शोधायची भाषा म्हणजे एलडॅप. एलडॅप सहसा टीसीपीवर चालतं आणि टीसीपी म्हणजे फोन करण्यासारखं. “हॅलो, ऐकू येतंय का?” “येतंय, तुला येतंय का?” “हो.” असे तीन निरोप झाल्यावर मूळ बोलणं सुरू. त्यातही जुन्या एलडॅपमध्ये आधी ‘मी अमुक’ अशी ओळख द्यावी लागे. छोटासा प्रश्न विचारायचा तर एवढी तयारी जड वाटते.

यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड. पत्ता लिहा, टाका पेटीत. पोहोचलं का, कुणी सांगत नाही. उत्तर आलं तर आलं, नाही आलं तर थोडं थांबून पुन्हा टाकायचं.

हीच कल्पना घेऊन जून १९९५ मध्ये आरएफसी १७९८ आलं : कनेक्शन न जोडता चालणारं एलडॅप, म्हणजे सीएलडॅप. त्यात काम जवळपास एकच, शोध. बदल करणं नाही, पासवर्ड देणं नाही. उत्तर एकाच डेटाग्राममध्ये बसलं पाहिजे. बसत नसेल तर सर्व्हर सरळ ‘उत्तर फार मोठं आहे’ असा एरर देतो.

हे फारसं कुणी वापरलं नाही. सुरक्षेची सोय अपुरी होती. मार्च २००३ मध्ये आरएफसी ३३५२ ने त्याला ‘ऐतिहासिक’ ठरवलं, म्हणजे मानाने घरी बसवलं. पण तोवर मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० च्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ते घेतलं होतं, आणि तिथे ते आजही रोज राबतंय.

काम कसं चालतं? कॉम्प्युटर आधी डीएनएसला विचारतो, ‘या डोमेनचे कंट्रोलर कोणकोणते?’ समजा नगरचा एक आणि पुण्याचा एक अशी दोन नावं मिळाली. मग तो त्यांना यूडीपी ३८९ वर छोटा शोध पाठवतो : ‘आहेस का? मी या डोमेनचा.’ याला एलडॅप पिंग म्हणतात. जो जिवंत आहे तो उत्तर देतो, आणि कॉम्प्युटरच्या आयपीवरून तो कुठल्या साइटमधला हेही सांगतो. त्यामुळे जामखेडचा कॉम्प्युटर उगाच पुण्याला न जाता नगरचा सर्व्हर धरतो. खरं लॉगिन त्यानंतर, वेगळ्या आणि सुरक्षित मार्गाने. नुसती हाक मारायला पोस्टकार्डच बरं.

मित्राच्या फायरवॉलने नेमकं हे पोस्टकार्ड अडवलं होतं. म्हणून टीसीपी सुरू असूनही सर्व्हर ‘सापडत’ नव्हता.

“मग यूडीपी ३८९ सगळ्यांनाच उघडून टाकतो,” तो म्हणाला. म्हटलं, थांब!

पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोण तपासतो? कुणी तुमच्या नावाने शंभर सर्व्हरना ‘सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलं तर गठ्ठे तुमच्या दारात येऊन पडतील. टीसीपीत हे जमत नाही, कारण ‘ऐकू येतंय का?’चं उत्तर खऱ्या पत्त्यावर जातं आणि तिथला माणूस पुढे बोलतच नाही. सीएलडॅपमध्ये ती पायरीच नाही. त्यात उत्तर प्रश्नाच्या ५६ ते ७० पट मोठं असू शकतं. २०१६ पासून हल्लेखोर हे वापरताना दिसू लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेने असाच एक हल्ला नोंदवला : सेकंदाला २.३ टेराबिट.

म्हणजे आपल्या तालुक्याच्या कॉलेजातला सर्व्हर, आपल्याला पत्ताही न लागता, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कुणाची तरी सेवा बंद पाडायला मदत करत असेल. शिवाय आपलं इंटरनेट गुदमरेल ते वेगळंच.

शेवटी नियम असा ठरला : लॅब आणि मुख्य सर्व्हर यांच्या आतल्या नेटवर्कवर यूडीपी ३८९ उघडं, बाहेरून इंटरनेटवरून येणारं पूर्ण बंद. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटर डोमेनमध्ये आले.

तुमच्याकडेही लॅब असेल तर दोन गोष्टी बघा. आतून तपासताना टेलनेटवर थांबू नका, पोर्टक्वेरीने यूडीपीही तपासा. आणि बाहेरच्या एखाद्या नेटवर्कवरून आपल्याच सर्व्हरला यूडीपी ३८९ वर हाक मारून बघा. उत्तर आलं, तर त्याच दिवशी बंद करा.