थंडी, शेगडी आणि बंद खोली

दिवाळी संपून मार्गशीर्ष लागला की आपल्या जिल्ह्यात थंडी बोचू लागते. नगर शहरात आणि पारनेरच्या पठारावर काही रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला, कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्यांवर तर संध्याकाळपासूनच हुडहुडी भरते. आपली घरे बांधलेली असतात उन्हाळ्याचा विचार करून. वर पत्रा असेल तर तो पहाटे बर्फासारखा गार पडतो. मग ऊब आणायची कशी? ज्यांच्याकडे विजेचा हीटर आहे ते तो लावतात. वीज गेली किंवा हीटर नसला, तर घमेल्यात निखारे घेतले जातात, कोळशाची शेगडी आत येते, कोणी रॉकेलचा जुना स्टोव्ह खोलीत आणून पेटवतो. वारा येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावल्या जातात, फटींत चिंध्या कोंबल्या जातात आणि सर्वजण झोपी जातात.

आजचा लेख या झोपेविषयी आहे. पेटते निखारे आणि बंद खोली या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर माणूस झोपेतच दगावू शकतो. त्याला ठसका लागत नाही, गुदमरून जाग येत नाही, शेजारी झोपलेल्यालाही काही कळत नाही.

धूर नाही, मग धोका कसला?

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. लोक म्हणतात, "डॉक्टर, आम्ही धूर पूर्ण जाऊ देतो, लालबुंद निखारे झाले की मगच शेगडी आत घेतो." समजूत चांगली आहे, पण अपुरी आहे. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, म्हणजे धूर निदान सावध तरी करतो. खरा घात करणारा वायू वेगळाच आहे. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड.

लाकूड, कोळसा, रॉकेल किंवा गॅस भरपूर हवेत जळला, तर मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. निखाऱ्यांच्या ढिगात आतपर्यंत हवा पोहोचत नाही, त्यामुळे कोळशाची शेगडी हा वायू सतत सोडत असते. खोली बंद असेल, तर जळणाऱ्या शेगडीमुळे खोलीतला प्राणवायू कमी होत जातो, ज्वलन आणखी अर्धवट होते आणि विषारी वायू आणखी वाढतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो हवेइतकाच हलका असल्याने खोलीभर सारखा पसरतो. त्यामुळे "आम्ही बाजेवर झोपतो, शेगडी खाली असते" या म्हणण्यालाही अर्थ नाही. राखेने झाकलेले निखारेसुद्धा हा वायू सोडतच राहतात.

रक्तात काय घडते?

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू घेऊन शरीरभर पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइड याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एस.टी.तल्या जागा दुसऱ्यानेच अडवून ठेवाव्यात आणि खऱ्या प्रवाशाने खाली राहावे, तसा हा प्रकार. रक्त वाहत असते, श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्येच हे दाखवून दिले होते.

सुरुवातीची लक्षणे साधी असतात : डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, उलटी, अंगात त्राण नसणे. आपल्याकडे याला लगेच "पित्त झाले" म्हणतात. पुढे माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, उठायला गेला तर पाय लटपटतात आणि शुद्ध हरपते. दार दिसत असूनही ते उघडण्याचे बळ राहत नाही.

एक खूण लक्षात ठेवावी. घरातील तिघा-चौघांचे डोके सकाळी एकाच वेळी दुखते, शेतावर किंवा कामाला गेल्यावर उतरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दुखते. सर्वांना एकाच दिवशी पित्त होत नसते. अशा वेळी रात्री खोलीत काय पेटले होते, हे आधी पाहावे.

बाळंतिणीची खोली

सर्वांत जास्त काळजी वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. शेकशेगडी, ओव्याची धुरी, बाजेखाली निखारे ही आपली जुनी रीत. पूर्वीच्या घरात कौलांच्या फटींतून, माळवदाच्या धाब्याला ठेवलेल्या झरोक्यातून हवा खेळत असे. आता स्लॅबच्या घट्ट खोल्या, सरकत्या काचेच्या खिडक्या आणि वर "बाळाला वारा लागेल" म्हणून सगळे बंद. रीत तीच राहिली, घर मात्र बदलले. नवजात बाळाचा श्वास आपल्यापेक्षा जलद असतो, त्यामुळे हा वायू त्याच्या शरीरात लवकर भिनतो. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर आईला थोडासाच त्रास जाणवला तरी पोटातल्या बाळाच्या रक्तात हा वायू अधिक साठतो आणि उशिरा निघतो.

बाळाला ऊब हवीच, यात शंका नाही. त्यासाठी टोपडे, पायमोजे आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने बाळाला धरून वरून पांघरूण घेणे, ही पद्धत उत्तम. कमी वजनाच्या बाळांसाठी दवाखान्यांतही हीच 'कांगारू' पद्धत वापरतात. शेक द्यायचाच असेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागे बसून, थोडा वेळच द्यावा आणि नंतर शेगडी अंगणात न्यावी. आजीबाईंचा मान राखूनच हे सांगतो.

स्टोव्ह आणि रॉकेलचे हीटर

रेशनचे रॉकेल आता बहुतेक घरांतून गेले असले, तरी वातीचे आणि पंपाचे स्टोव्ह अडगळीत असतात. स्वयंपाकाचा स्टोव्ह खोली तापवण्यासाठी नाही. आच पिवळी होऊन काजळी धरत असेल, तर ज्वलन अर्धवट होत आहे असे समजावे. मात्र आच निळी आहे म्हणून बंद खोलीत झोपणेही सुरक्षित नाही. पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नये आणि त्यात पेट्रोल तर कधीच मिसळू नये.

जपानसारख्या थंड देशात खोली तापवण्यासाठी रॉकेलचे फिरते हीटर सर्रास वापरतात. तेथेही तासाला एकदोनदा खिडकी उघडा आणि झोपण्यापूर्वी हीटर विझवा, असे बजावलेले असते. खास याच कामासाठी बनवलेल्या यंत्राची ही गोष्ट, तर आपल्या घमेल्याचे काय?

सहलीला जाणाऱ्यांनीही लक्ष द्यावे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे ८ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत मरण पावले. त्यांत ४ लहान मुले होती. खोलीत गॅसचा हीटर होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या. काश्मीर किंवा हिमाचलच्या हॉटेलात असा हीटर दिला, तर झोपण्यापूर्वी तो बंद करून बाहेर ठेवायला सांगावे आणि जास्तीच्या रजया मागून घ्याव्यात.

असे घडलेच तर

दारे-खिडक्या सताड उघडा आणि रोग्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा. आत जाणाऱ्याने श्वास रोखून जावे, आत रेंगाळू नये. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. श्वास बंद असेल तर छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वास सुरू करा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. दवाखान्यात पोहोचताच "खोलीत शेगडी पेटलेली होती" हे आधी सांगा. या एका वाक्याने उपचाराची दिशा ठरते.

कोरोनापासून अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. येथे त्यावर विसंबू नका. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूचेच समजते, त्यामुळे रोगी अत्यवस्थ असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. उपचार म्हणजे मास्क लावून भरपूर प्राणवायू देणे. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारण तास-दीड तास. बरे वाटले तरी तपासणी टाळू नये, कारण काही रोग्यांत पुढील काही दिवसांत किंवा आठवड्यांत विसरभोळेपणा, स्वभावात बदल, चालताना तोल जाणे असे त्रास उद्भवतात. गरोदर स्त्रीला तर दाखवलेच पाहिजे.

मग ऊब कशी मिळवावी?

दिवसा खिडक्या उघडून ऊन आत घ्यावे आणि सूर्य मावळण्यापूर्वी त्या लावाव्यात. गोधडी, घोंगडी, कानटोपी, पायमोजे यांना तोड नाही. अंगाखाली घोंगडी किंवा सतरंजी घातली की जमिनीचा गारवा निम्मा कमी होतो. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवावी. बाळाला अंथरुणावर ठेवण्यापूर्वी मात्र ती काढून घ्यावी. विजेच्या हीटरमधून हा वायू निघत नाही, पण पांघरुणे त्यापासून दूर ठेवावीत. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता उलट बाहेर जाते.

शेकोटी अवश्य करा, पण अंगणात. झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर नेऊन निखाऱ्यांवर पाणी ओता. घरात बाळंतीण, लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल, तर हे काम रात्री कोणी करायचे हे आजच ठरवून ठेवा.