राग काढल्याने जातो की वाढतो?

‘एकदाचा राग काढून टाक, म्हणजे मोकळा होशील’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. या समजुतीला शास्त्राचा आधारही होता. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी दबलेल्या भावनांना वाट करून देण्याचा उपचार मांडला, तर १९६३मध्ये कॉनराड लोरेन्झ यांनी आक्रमकता आत साठत जाते असं प्रतिपादन केलं. थोडक्यात, कुकरची शिट्टी झालीच पाहिजे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी हे ६०० विद्यार्थ्यांवर तपासलं. निष्कर्ष २००२मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांनी निबंध लिहिला आणि तो अगदी टाकाऊ असल्याच्या शेऱ्यासह परत आला. मग काहींनी शेरा मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारले, काहींनी व्यायाम म्हणून मारले आणि काही जण दोन मिनिटं नुसते बसून राहिले. त्यानंतरच्या खेळात प्रतिस्पर्ध्याला कर्कश आवाजाची शिक्षा देता येत होती. चेहरा आठवून ठोसे मारणारे सर्वांत चिडलेले निघाले. सर्वांत कमी शिक्षा दिली ती नुसतं बसून राहिलेल्यांनी.

२०२४मध्ये बुशमन आणि सोफी क्यार्विक यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच दिसलं. संथ श्वसन, ध्यान, योग अशा शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो. धावण्याने उलट वाढतो.

असं का व्हावं? संताप आला की अ‍ॅड्रेनलिन स्रवतं, छाती धडधडते, स्नायू ताठरतात. मनातल्या मनात भांडण पुन्हा उगाळलं नाही, तर ही खळबळ आपोआप ओसरते. पण ती आपल्याला वाटते त्यापेक्षा सावकाश ओसरते, आणि खरी गोम इथेच आहे. १९७४मध्ये डॉल्फ झिलमन आणि सहकाऱ्यांनी आधी डिवचलेल्या लोकांना सायकलचा व्यायाम करायला लावला. व्यायाम संपताच बदला घेण्याची संधी मिळालेल्यांपेक्षा काही मिनिटांनी ती मिळालेले जास्त आक्रमक वागले. लगेचची धडधड व्यायामाची आहे हे कळत असतं. नंतर शिल्लक राहिलेली खळबळ मात्र समोरच्या माणसाच्या खात्यावर जमा होते.

ट्रॅफिकमधून कावून घरी आलेला बाप हातपाय धुतो, चहा घेतो, शांत झालो असं त्याला वाटतं, आणि मुलाच्या वहीतल्या एका चुकीवर त्याचा हात उठतो. त्या धपाट्यात वहीतल्या चुकीचा वाटा किती आणि सिग्नलवरच्या हॉर्नचा किती, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.