जुनी जीप घेताना आधी नंबर, मग पत्रा

जुनी जीप घ्यायची असं नुसतं बोललं, तरी सल्ल्यांचा पाऊस पडतो. लष्कराच्या लिलावात कवडीमोल मिळते. बोनेट बुटकं असलं की महायुद्धातली समजायची. कागद मागाहून करता येतात. पार्ट मिळणार नाहीत, तेव्हा सरळ डिझेल इंजिन टाका. हे सल्ले ऐकून हौशी माणसाचे पैसे तर जातातच, पण अनेकदा एखादी चांगली, वाचवता आली असती अशी जीपही कायमची बिघडते. मला दुसऱ्या नुकसानीचं जास्त वाईट वाटतं, कारण पैसे पुन्हा मिळवता येतात.

स्वस्त लष्करी जीपची कथा जुनी आहे. युद्धानंतर अमेरिकेतल्या मासिकांत पन्नास डॉलरला जीप मिळेल अशा जाहिराती येत. पैसे पाठवले की घरी यायची ती जीप नव्हे, सरकारचा शिल्लक माल कसा विकत घ्यावा हे सांगणारी पुस्तिका. युद्धकाळात जीप चाकं काढून लाकडी खोक्यांत भरून जहाजाने पाठवल्या जात, एवढा या कथेला आधार आहे. पण खुद्द अमेरिकी सरकारच कारखान्याला एका जीपमागे सातशे डॉलरहून जास्त मोजत होतं. आपल्याकडे हीच कथा ‘अमक्या डेपोत ग्रीस फासलेल्या जीप पडून आहेत’ अशी ऐकू येते.

वस्तुस्थिती साधी आहे. लष्कराची सेवेतून काढलेली वाहनं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावांतून विकली जातात. त्यासाठी नोंदणी करावी लागते. माल ‘जिथे आहे, जसा आहे’ या अटीवर मिळतो आणि बऱ्याचदा एकेक गाडी नव्हे, तर गठ्ठाच उचलावा लागतो. त्यामुळे घेणारे बहुतेक व्यापारी असतात. पश्चिम बंगालमधलं पानागढ, दिल्लीचं मायापुरी, हरियाणातलं मंडी डबवाली इथल्या बाजारांतून मग त्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग फिरत फिरत आपल्यापर्यंत येतात. मध्ये आणखी एक मेख आहे. लष्करी गाडीला आरटीओचा नंबर नसतो. ती रस्त्यावर आणायची तर संबंधित लष्करी अधिकाऱ्यांचं विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, लागतं. भंगार म्हणून विकलेल्या सांगाड्याला ते मिळत नाही. व्यापारी ‘डिस्पोजलची गाडी आहे’ म्हणाला, तर पुढचा प्रश्न एवढाच विचारायचा: गाडी म्हणून विकली होती, की भंगार म्हणून?

आता महायुद्धाबद्दल. १९४१ ते १९४५ या काळात विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. त्यांतल्या बऱ्याच भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही आल्या. पण आज आपल्या रस्त्यांवर किंवा वाड्यामागच्या शेडमध्ये दिसते ती जीप बहुधा महिंद्राची असते. महिंद्राने विलीसच्या परवान्यावर मुंबईच्या माझगावात सुटे भाग जोडून जीप बनवायला सुरुवात केली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे. पुढे सीजे-३बी हे मॉडेल इथे इतकी वर्षं बनत राहिलं, की मूळ अमेरिकेतलं त्याचं उत्पादन १९६८ला थांबलं तरी आपल्याकडे चालूच होतं. आपले मिस्त्री जिला ‘हाय बोनेट’ म्हणतात ती हीच. तिचं बोनेट उंच असायला कारण आहे. तिच्यात बसवलेल्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. इंजिन उंच झालं, म्हणून बोनेटही उंच करावं लागलं.

‘लो बोनेट’ला बाजारात भाव जास्त. म्हणून हाय बोनेटचा पत्रा कापून लो बोनेट करणं आणि वर हिरवा रंग मारून पांढरा तारा काढणं सर्रास चालतं. हे ओळखायला फार विद्या लागत नाही. युद्धातल्या जीपच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या सीजेला सात. (अगदी सुरुवातीच्या सुमारे पंचवीस हजार विलीस जीपना पत्र्याऐवजी लोखंडी पट्ट्या जोडलेली जाळी होती. ती मिळाली, तर बाकी काही न बघता मला कळवा, असं म्हणावंसं वाटतं.) युद्धातल्या जीपचे दिवे जाळीच्या आत बसवलेले असतात आणि बिजागरीवर उलटे फिरवून रात्री इंजिनावर प्रकाश पाडता येतो. तिच्या मागच्या बाजूला उघडणारं फळकं नसतं. पेट्रोल भरायला ड्रायव्हरची सीट उचलावी लागते. तरीही यातलं सगळं नवीन पत्र्यात बनवता येतं. आतल्या माहितीच्या पट्ट्याही नव्या छापून मिळतात. म्हणून खरा पुरावा खाली वाकूनच शोधावा लागतो. रेडिएटरखालचा, चेसिसच्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा तुकडा गोल नळीचा असेल तर चेसिस विलीसची, चौकोनी असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या बऱ्याच भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, वळणदार ‘एफ’ ठोकला होता.

पण ‘महिंद्राची म्हणजे नकली’ असा उलटा निष्कर्ष काढू नका. मूळ इंजिन, मूळ बॉडी आणि स्वच्छ कागद असलेली साठच्या दशकातली महिंद्राची हाय बोनेट ही तारा रंगवलेल्या खिचडीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. आपल्या गावांनी, तालुक्याच्या कचेऱ्यांनी, डोंगरातल्या वस्त्यांनी जी जीप वापरली ती हीच.

सगळ्यात महाग पडतो तो कागदांविषयीचा गैरसमज. माझ्या मते जीप म्हणजे चेसिस आणि त्यावर ठोकलेला नंबर. इंजिन, बॉडी, गिअरबॉक्स बदलता येतं, नंबर बदलता येत नाही. म्हणून जीप बघायला जाताना आधी आरसी हातात घ्यायची आणि मग चेसिसवरचा नंबर वायर ब्रशने साफ करून पेन्सिलने कागदावर उतरवायचा. आकडे वेडेवाकडे असतील, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा वेल्डिंग दिसलं, तर किंमत कितीही उतरवली तरी निघून यायचं. कागद एका मेलेल्या जीपचे आणि सांगाडा दुसरीचा, असे जोड बाजारात फिरत असतात.

नंबर जुळला तरी प्रश्न उरतात. आरसीवरचा मालक हयात आहे का? नसेल, तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ने गाडी व्हायला हवी. मगच तुमच्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथे आल्यावर इथला कर. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते वीस वर्षं झालंच नसेल, तर दंडाचा हिशेब विकणाऱ्यासमोरच करून घ्यावा. ‘एनओसी येतेय’ या वाक्यावर बयाणा देऊ नये.

‘पन्नास वर्षं झाली की व्हिंटेज, मग सगळं माफ’ असंही ऐकू येतं. केंद्र सरकारचे व्हिंटेज वाहनांचे नियम जुलै २०२१मध्ये आले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ते लागू आहेत. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिका आणि वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्याचसाठी. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केले असतील, तर ती या व्याख्येतच बसत नाही.

म्हणून डिझेल इंजिनाचा सल्ला मला मुळीच पटत नाही. महिंद्राच्या पुढच्या अनेक जीप कारखान्यातूनच डिझेल होत्या, त्या घ्याव्यात आणि आनंदाने चालवाव्यात. आरसीवर इंधन ‘डिझेल’ आहे एवढं बघावं. पण पेट्रोलची म्हणून नोंदलेल्या जीपमध्ये वाटेल ते इंजिन कोंबणं कायद्यात बसत नाही. नोंदणी झालेल्या गाडीत कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे.

पत्र्याबद्दल थोडक्यात. चकचकीत रंगाखाली पुटी किती आहे हे साधं लोहचुंबक सांगतं. जमिनीच्या पत्र्याखालच्या आडव्या पन्हाळ्या नक्की बघाव्यात. युद्धकालीन जीपमध्ये त्यांच्या आत लाकडी पट्ट्या असत. त्यांनी पाणी धरलं की पत्रा आतून सडतो आणि वरून काहीच दिसत नाही.

पार्ट मिळत नाहीत, हे तर वस्तुस्थितीच्या उलट. १९४१च्या इंजिनाचा खालचा अर्धा भाग आणि हरिकेनचा खालचा भाग एकाच घराण्यातले. ट्रान्स्फर केसही एमबीपासून महिंद्रापर्यंत मूळ एकाच आराखड्यातून आलेली. आपल्या देशात जीपचे भाग आजही बनतात, परदेशातले हौशीही ते मागवतात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जुना नमुना हातात घेऊन गेलात, तर काउंटरवरचा माणूस अर्ध्या मिनिटात डबा काढून देतो. अडचण दर्जाची असते. ब्रेकचे रबर, सिलेंडर, किंगपिनचे बेअरिंग चांगल्या कंपनीचं नवंच घ्यावं, तिथे जुन्याचा मोह नको. गिअर आणि क्राऊन-पिनियन मात्र दात शाबूत असतील, तर जुने मूळ भागच बहुधा सरस ठरतात.

खरोखर दुर्मिळ आहेत ते युद्धकालीन जीपचे खास भाग: दोन तुकड्यांत उघडणाऱ्या रिम, सहा व्होल्टचे मीटर, ‘एफ’ ठोकलेले बोल्ट. मिस्त्री ते काढून भंगारात टाकतो आणि नवे चकचकीत लावतो. त्याला तसं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून काम द्यायच्या आधीच सांगून ठेवावं, की निघालेला प्रत्येक तुकडा पिशवीत घालून, चिठ्ठी लावून मला परत हवा.