तबकडीला डोळे नसतात



'डीजे' हा शब्द ऐकताच आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि तिचा आम्हांला राग नाही. मिरवणुकीत ध्वनिवर्धकांची भिंत चालते, खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हातारीकोतारी माणसे कानांत बोळे घालून बसतात. हे सारे ज्याच्या नावाने चालते तो डीजे, एवढाच आपला त्याच्याशी परिचय. आज आम्ही ज्या डीजेविषयी बोलणार आहोत, तो वेगळ्या कुळातला. एखाद्या सभागृहात शंभरएक माणसे स्विंग संगीतावर जोडीजोडीने नाचायला जमलेली असतात. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून त्यांच्यासाठी एकामागून एक गाणे निवडणे, एवढेच त्याचे काम. काम दिसायला लहान. पण पंगतीतल्या वाढप्याचे काम तरी कुठे मोठे दिसते? तरीही तो चुकला, तर स्वयंपाक कितीही उत्तम असो, माणसे अर्धपोटी उठतात.

हा नाच आला कुठून, ते आधी पाहू. न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागात, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वस्तीत, १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'लिंडी हॉप' हा नाच आकाराला आला. १२ मार्च १९२६ रोजी तेथे सॅव्हॉय बॉलरूम हे नृत्यगृह उघडले, ते १९५८ पर्यंत चालले. ज्या काळात अमेरिकेत बहुतेक ठिकाणी काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसण्याचीही चोरी होती, त्या काळात सॅव्हॉयच्या लाकडी फरशीवर दोघे एकत्र नाचत. तेथे वाद्यवृंदांसाठी दोन मंच होते. एक वृंद थांबला की दुसरा सुरू होई, आणि संगीताला खंड पडत नसे.

या सॅव्हॉयचा लाडका वादक म्हणजे चिक वेब. लहानपणच्या क्षयाने त्याच्या पाठीचा कणा वाकलेला, उंची जेमतेम, पण ढोलांमागे बसला की तो सभागृहाचा राजा. ११ मे १९३७ रोजी बेनी गुडमनचा नामांकित वृंद त्याच्याशी सामना द्यायला आला, तेव्हा वेबच सरस ठरला, असा त्या रात्रीच्या मंडळींचा निर्वाळा आहे. त्याची मोठी शक्ती कोणती? तो नाचणाऱ्यांकडे पाहून वाजवी. कोणी नवे पाऊल टाकले की ढोलावर त्याला जाब मिळे.

आमच्या आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे. वादकाला डोळे असतात, तबकडीला नसतात. मंचावरचा वृंद गेला आणि ध्वनिमुद्रण आले, तेव्हा संगीताचे कान शाबूत राहिले, पण दृष्टी गेली. ती दृष्टी पुरवण्यासाठी जो माणूस बसवला, तो डीजे. आज तबकड्यांच्या जागी संगणक आहे. पण संगणकालाही समोरची पावले दिसत नाहीत.

मग त्याने पाहायचे काय? पहिली गोष्ट ठेका. स्विंगमध्ये चार मात्रांचा ताल असतो. पण दोन ठोक्यांमधली जागा सारखी न वाटता पहिला तुकडा लांब आणि दुसरा आखूड ठेवतात. त्यामुळे चालीला झोका येतो. तो झोका नसेल, तर गाणे कितीही गोड असले तरी या नाचाची पावले त्यावर बसत नाहीत.

दुसरी गोष्ट लय. मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांचे गाणे बहुतेकांना सुखाने पेलते. १८० च्या सुमारास सरावलेला माणूस खुलतो. २०० च्या पुढे दमसासाची परीक्षा सुरू होते. जरा हिशेब करून पाहू. लिंडी हॉपच्या मुख्य आवर्तनात आठ ठोक्यांना दहा पावले पडतात. मिनिटाला १८० ठोक्यांचे तीन मिनिटांचे गाणे घेतले, तर ५४० ठोके आणि ६७५ पावले होतात. अशी तीन गाणी लागोपाठ लावली, तर दोन हजार पावले झाली! श्वास घ्यायला फट ठेवली नाही, तर माणूस रुमाल शोधत खुर्चीकडे वळणारच.

तिसरी गोष्ट लांबी. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावे. या अडचणीतून एक सोय झाली. स्विंगच्या नाचात एक-दोन गाण्यांनंतर जोडीदार बदलण्याची रीत आहे, आणि अनोळखी माणसाबरोबर नाचायला तीन मिनिटे नेमकी पुरतात. उलट, बेनी गुडमनच्या वृंदाचे १९३७ मधले 'सिंग, सिंग, सिंग' घ्या. ते आठ मिनिटांहून लांब आहे, बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू त्याने व्यापल्या, आणि त्याची लय मिनिटाला २०० ठोक्यांच्या वर आहे. नवखा मनुष्य हौसेने तेच मागतो, आणि अर्ध्यावर त्याचीच दमछाक होते.

हे सारे आम्हांला पुस्तकातून कळले नाही, फजितीतून कळले. परदेशातल्या एका शहरात चर्चच्या सभागृहात आम्ही प्रथम या टेबलाशी बसलो, तेव्हा आठवडाभर खपून दुर्मिळ ध्वनिमुद्रणांची यादी केली होती. एकाहून एक रत्ने, सगळी द्रुत लयीतली! पट्टीचे चार जोडपी नर्तक खूश झाले, आणि आम्ही त्यांच्याकडेच पाहत राहिलो. भिंतीलगत एक मध्यमवयीन बाई मांडीवर कोट घेऊन बसल्या होत्या. पहिल्यांदाच आल्या असाव्यात. तीनदा त्या उठू पाहिल्या आणि तीनदा गाणे सुरू होताच बसल्या. पाऊण तासाने पाहिले, तर खुर्ची रिकामी. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. आमची यादी निर्दोष होती. आमची नजर नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही मधोमध नाचणाऱ्यांकडे कमी आणि कडेला बसलेल्यांकडे अधिक पाहू लागलो. कडेची माणसे उठली की समजावे, गाणे योग्य आहे. लय पायरीपायरीने चढवावी, दोन-तीन गाण्यांनंतर उतरवावी, पुन्हा चढवावी. एखादे अतिद्रुत गाणे जरूर लावावे. तेव्हा कसलेले नर्तक मध्ये येतात आणि बाकीचे कडे करून टाळ्या देतात, म्हणजे तेही सहभागी होतात. शिम शॅम नावाचा सामुदायिक नाच ओळीत उभे राहून करतात, त्याला जोडीदार लागत नाही. जिमी लन्सफर्डच्या वृंदाचे १९३९ मधले 'टेन्ट व्हॉट यू डू' वाजले की जाणकार त्यासाठी ओळी धरतात, आणि ज्याला विचारायला संकोच वाटतो तोही मागच्या रांगेत मिसळतो. आवाजाचेही पथ्य आहे. १९३५ चे मुद्रण कृश, १९५७ चे भरघोस. एकामागून एक लावताना आवाजाची पातळी हाताने जुळवली नाही, तर कान दचकतो आणि पाऊल अडखळते.

हा ठेका आपल्याला अगदीच परका आहे, असेही नाही. १९३५ च्या सुमारास लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. अशा वृंदांच्या सहवासात गोव्याचे अनेक वादक या संगीतात तयार झाले. त्यांतले चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आले, आणि १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादांच्या पावलांखाली स्विंगचा झोका घरोघरी पोचला. आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्यावर मान डोलावली, त्याचे एक मूळ हार्लेममध्ये होते.

सॅव्हॉयचे अग्रगण्य नर्तक फ्रँकी मॅनिंग यांनी पुढे अनेक वर्षे टपालखात्यात नोकरी केली, आणि सत्तरी उलटल्यावर, १९८६ पासून, ते पुन्हा शिकवू लागले. २००९ मध्ये ते वारले तोवर देशोदेशींची तरुण मंडळी त्यांच्याकडून शिकली होती. त्यांचे आवडते गाणे काउंट बेसीच्या वृंदाचे 'शायनी स्टॉकिंग्ज'. ते अतिद्रुत नाही, अवघडही नाही. मध्यम लयीतले, ऐसपैस, नवख्यालाही हात धरून नेणारे आहे. ज्याला सर्वांत कठीण नाच येत होता, त्याने सर्वांना पेलणारे गाणे जवळ केले!

तेव्हा उद्या आपल्यापैकी कोणी घरच्या समारंभात गाणी लावायला बसला, तर आमचे एवढेच मागणे आहे. आपल्या आवडीची यादी खिशात असू द्या, पण नजर भिंतीलगतच्या खुर्चीवर ठेवा. तेथे कोट मांडीवर घेऊन कोणी बसले असेल, तर पुढचे गाणे त्यांच्यासाठी लावा.