‘दॅन आय’ की ‘दॅन मी’?

दिल्ली-जयपूर महामार्गावरचे मानेसर मोटारी आणि दुचाकींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. नोकरीनिमित्त तिथे जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबातील मुलांच्या कानावर तीन भाषा पडतात. घरी मराठी, खेळताना हिंदी आणि वर्गात इंग्रजी. एरवी या तिघी गुण्यागोविंदाने नांदतात, पण ‘ताई माझ्यापेक्षा उंच आहे’ एवढे साधे वाक्य इंग्रजीत लिहायची वेळ आली की त्यांची भांडणे सुरू होतात!

मराठीत प्रश्नच नाही. ‘पेक्षा’ आले की ‘माझ्या’ येणारच. हिंदीत ‘मुझसे’. या ‘से’चे शब्दशः भाषांतर केले की ‘टॉलर फ्रॉम मी’ तयार होते. उत्तर भारतातल्या मुलांच्या तोंडी ते सर्रास ऐकू येते. ही मात्र सरळसरळ चूक आहे आणि आईवडिलांनी ती वेळीच सुधारावी.

खरा वाद त्यापुढचा आहे. ‘दॅन’नंतर ‘आय’ की ‘मी’? (त्यातून इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, हा मराठी मुलाचा आणखी एक घोटाळा!) तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले आजोबा आणि रेन-मार्टिनचे व्याकरण घोकलेले बाबा ‘दॅन आय’ म्हणणार. टीव्हीवरच्या इंग्रजी मालिकेत मात्र सगळे ‘दॅन मी’ म्हणतात. मग वहीवर लाल रेघ आली, तर दोष कुणाचा?

भांडणाचे मूळ आपल्या शालेय व्याकरणाच्या भाषेत सांगता येईल. ‘दॅन’ला उभयान्वयी अव्यय मानले, तर पुढे एक लहानसे वाक्य दडलेले असते, ‘दॅन आय एम’. म्हणून ‘आय’. त्यालाच शब्दयोगी अव्यय मानले, तर ‘मी’. पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथने 1762 मधल्या आपल्या व्याकरणात पहिली बाजू घेतली आणि शाळांनी ती उचलून धरली. पण त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी शेक्सपियरने ‘ज्युलियस सीझर’मध्ये ‘दॅन’पाठोपाठ ‘मी’ लिहून ठेवले होते! आजचे मोठे इंग्रजी शब्दकोश दोन्ही रूपे मान्य करतात. तेव्हा ‘दॅन मी’ म्हणणाऱ्या मुलाला अडाणी ठरवण्याचे कारण नाही.

मात्र काही वाक्यांत नुसत्या सर्वनामावर अर्थ फिरतो. बहिणीने भावाला लिहिले, ‘मदर ट्रस्ट्स यू मोअर दॅन मी’. अर्थ असा की, आईचा माझ्यावर आहे त्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास आहे. म्हणजे रुसवा आईवर. ‘मी’च्या जागी ‘आय’ लिहिले, तर अर्थ होतो, माझा तुझ्यावर जितका विश्वास आहे, त्याहून आईचा जास्त आहे. आता टोमणा भावालाच बसला! बोलीभाषेत ‘दॅन मी’चे दोन्ही अर्थ निघू शकतात, त्यामुळे गैरसमजाला आयतीच जागा. मराठीत अशा वेळी आपण ‘मी ठेवते त्यापेक्षा’ असे सविस्तर सांगतो. इंग्रजीतही तेच करावे. ‘दॅन आय डू’ किंवा ‘दॅन शी ट्रस्ट्स मी’.

परीक्षेतही हाच उपाय कामी येतो. मुलाला ‘दॅन आय एम’ असे क्रियापदासह लिहायला शिकवा. जुन्या वळणाचे शिक्षक असोत वा नव्या, कुणालाही गुण कापता येणार नाहीत. गप्पांमध्ये ‘दॅन मी’ खुशाल चालू द्या. तिथे नुसते ‘दॅन आय’ उलट पुस्तकी वाटते.

मुलांना शिकवताना बाबांनी स्वतःचे इंग्रजीही एकदा तपासून पाहावे. कारखान्यात, कार्यालयात ‘ही इज सीनियर दॅन मी’ सहज बोलले जाते. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर हे शब्द लॅटिनमधून आलेले. त्यांच्यापुढे ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’च लागतो. आणि ‘टू’नंतर ‘मी’च येतो, तिथे ‘आय’चा प्रश्नच नाही.